वेस्टमीडच्या काकूंची डॅनिश

काकूंची आणि माझी भेट झाली ती एका नर्सला ऐनवेळी शिफ्टला बोलावलं म्हणून. नाहीतर मी त्यांना चक्क ‘नको’ कळवून मोकळी झाले होते.

मी पीएचडी करते. विषय आहे नॉर्डिक देशांतल्या, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे वगैरे भागांतल्या टीव्ही मालिका आणि त्या ऑस्ट्रेलियात बसून बघणारे प्रेक्षक. हे वाक्य मी नातेवाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही म्हणू शकेन. आई एकदा फोनवर म्हणाली, “मुलगी पुण्याची, राहते मेलबर्नला, आणि अभ्यास कशाचा तर डेन्मार्कच्या सिरियलींचा. मधले सगळे देश काय पाप करून बसलेत?”

खरं उत्तर असं की मेलबर्नच्या क्लेटन भागात मास्टर्स करायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला जोरदार फ्लू झाला होता. शेअर हाउसमधल्या बाकीच्या मुली युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेलेल्या. मी पांघरूण घेऊन हॉलमध्ये पडले होते आणि टीव्हीवर कुठल्यातरी भाषेतली मालिका लागली होती, खाली इंग्लिश सबटायटल्स. एक बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलीये. नवरा येतो, बूट काढतो, तिच्यासमोर बसतो. दोघंही बोलत नाहीत. बराच वेळ बोलत नाहीत. आमच्या घरी स्वयंपाकघरात दोन माणसं असून कोणी बोलत नसेल तर ते भांडण असतं. हे भांडण नव्हतं. काय होतं ते मला कळेना, आणि ताप असूनही मी उठून बसले.

पुढे मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून नोकरी केली, इथे कायम राहायचा पीआर घेतला, लग्न केलं. पण ते टेबल काही डोक्यातून गेलं नाही. नवरा म्हणाला, “मग कर ना एकदाचं, किती दिवस नुसती बोलणारेस?” आणि मी पुन्हा त्याच क्लेटनच्या युनीत दाखल झाले, आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या रांगेत कॉफी घ्यायला.

माझ्या गाइड मूळच्या डेन्मार्कच्या. तरुणपणी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते आजतागायत जमलेलं नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणते. बाई उंच आहेत, कमी बोलतात, आणि विद्यार्थ्याने काही चुकीचं म्हटलं तर नुसतं बघतात. ते बघणं फार महागात पडतं.

माझा मुद्दा शांततेचा होता. या मालिकांमध्ये माणसं बोलायची थांबतात तेव्हा काय घडतं? टेस्टरच्या सवयीने मी एक एक्सेल शीट केली होती. कुठल्या भागात, कितव्या मिनिटाला, किती सेकंद कोणी बोलत नाही, आणि त्या वेळात मागे काय ऐकू येतं. वारा, फ्रिजची घरघर, बर्फात रुतणारे बूट. तीन वर्षं कानाला हेडफोन लावून मी हेच करत होते. डॅनिश आणि स्वीडिश बोलता येत नव्हत्या, पण कानाला दोन्ही ओळखू यायला लागल्या होत्या, आणि त्याचा मला बऱ्यापैकी अभिमान होता.

मग प्रेक्षकांच्या मुलाखतींची वेळ आली. इथल्या मराठी लोकांच्या दोन-तीन ग्रुपवर मी मेसेज टाकला. सिडनीहून एकीचं उत्तर आलं. ‘माझ्या सासूबाई बघतात. रोज बघतात. पण त्यांना अजिबात ऐकू येत नाही. चालेल का?’

मी लिहिलं की माझा अभ्यास आवाजाशी संबंधित असल्यामुळे या वेळी जमणार नाही, पण मनापासून आभार. खाली हात जोडल्याची इमोजीही टाकली. ते आठवलं की अजून लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात मी सिडनीत होते. तिथल्या वेस्टमीड उपनगरातल्या हॉस्पिटलांच्या आवारात काम करणाऱ्या तिघांच्या मुलाखती ठरल्या होत्या. दोन झाल्या. तिसरी मुलाखत एका नर्सची होती, तिला अचानक शिफ्ट लागली. मी हॉस्पिटलच्या कार पार्कबाहेरच्या बाकावर बसले होते. विमान संध्याकाळचं, आख्खी दुपार मोकळी. त्या सुनेने लिहिलं होतं की ती इथल्याच लॅबमध्ये काम करते आणि घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी अपराधी मनाने तिला मेसेज केला.

तिने फोनच केला. “अगं, जा ना. घरीच आहेत त्या. बेल वाजवू नकोस, उपयोग नाही. मी मेसेज टाकते, फोन त्यांच्या हातातच असतो.”

मी पोचले तेव्हा दार उघडून त्या उभ्याच होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, सलवार-कमीज आणि वरून मुलाची जुनी हुडी. “ये!” त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारचा कुत्रा भुंकला. पुढचं वाक्य जवळजवळ कुजबुजल्यासारखं आलं. आपला आवाज केवढा लागतोय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

“इथे खिडकीसमोर बस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तोंडावर उजेड पडायला हवा. आणि हळू बोलू नकोस. हळू बोललं की लोक तोंड वेडंवाकडं करतात. नेहमीसारखी बोल.”

मी नेहमीसारखी बोलले. त्यांनी माझ्या ओठांवरून प्रत्येक शब्द उचलला. मधूनमधून मी विसरून खाली वहीत बघायचे, तेव्हा त्या माझ्या हनुवटीला हात लावून तोंड वर करायच्या.

काकू रत्नागिरीच्या. चोवीस वर्षांच्या असताना क्षय झाला. इंजेक्शनांनी क्षय बरा झाला आणि कान गेले. तेव्हा त्या पोस्टात खिडकीवर होत्या, तिथून त्यांना आत पत्रं लावायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. “बायकांची, डॉक्टरांची, बोटीवरच्या खलाशांची, कोणाकोणाची अक्षरं,” त्या म्हणाल्या. “पत्ता अर्धा दिसला की हात त्या गावाच्या खणाकडे जायचा. वाचणं असं नव्हतंच ते.”

नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं. इथे मात्र त्या अडल्या. “इंग्लिश वाचते मी चांगली. पण इथले लोक ओठ हलवतच नाहीत गं. तोंडात माशी जाईल म्हणून की काय.”

मी ठरलेला प्रश्न विचारला. याच मालिका का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हे काय विचारणं झालं. “मराठी सिरियलला खाली अक्षरं नसतात. इंग्लिशला लावता येतात, पण घरात बाकीच्यांना ती नको असतात. ‘आई, डिस्टर्ब होतं.’ मग मी माझ्या खोलीत. या सिरियली लागल्या की कोणालाच काही कळत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, नातीला नाही. सगळ्यांनाच वाचावं लागतं.” मग मोठ्याने हसून म्हणाल्या, “तेव्हा मी हॉलमध्ये असते!”

मी पेन खाली ठेवलं. या मालिका परदेशांत का चालतात यावर मी कपाटभर वाचलं होतं. बर्फ, गुन्हे, स्वेटर, दिव्यांचा मंद उजेड, सगळ्यावर वाचलं होतं. सगळ्यांना सारखंच काही कळत नाही म्हणून एक बाई आपल्या खोलीतून उठून हॉलमध्ये येऊन बसते, हे मला कुठेही भेटलं नव्हतं.

तेवढ्यात नात शाळेतून आली. दहा वर्षांची असेल. आजीच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत, “आजी, भूक,” एवढं मराठीत म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये सुरू झाली. “आजीबरोबर बघणं म्हणजे ना, सो अनॉइंग. ती आधीच वाचून ‘अगंबाई’ म्हणते. आम्हाला नंतर कळतं की कोण मेलं.”

काकूंनी आम्हा दोघींना फोडणीची पोळी दिली आणि माझ्यासमोर एक वही ठेवली. शंभर पानी, शाळकरी. पाहिलेल्या प्रत्येक मालिकेचं नाव, भागाचा आकडा आणि खाली पोस्टातल्या माणसाच्या टापटीप अक्षरात एक-दोन ओळी. ‘हा खोटं बोलतोय.’ ‘हिला माहीत आहे, पण सांगत नाही.’ ‘या दोघी खऱ्या आयुष्यातही मैत्रिणी असाव्यात, एकीने बोलायच्या आधीच दुसरी हसते.’

त्यात एक मालिका माझ्या एक्सेल शीटमधली होती. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात चालणारी एक फेरीबोट, तिचा बेपत्ता कप्तान, आणि त्याचा शोध घेणारी दोघं, एक पुरुष आणि एक बाई. काकूंनी पान उघडून बोट ठेवलं.

“मला एक सांग. ही दोघं एकमेकांशी एका भाषेत बोलत नाहीत. खरं की नाही?”

मी दचकले. खरंच होतं. तो डॅनिश बोलतो, ती स्वीडिश, आणि दोघांना एकमेकांचं समजतं. पण सबटायटल्समध्ये तसं कुठेच लिहिलेलं नसतं. खाली सगळं इंग्लिशच येतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दिसतं की. ती बोलताना शिट्टी मारायला निघाल्यासारखे ओठ पुढे काढते, सारखी. आणि तो तोंडात गरम बटाटेवडा धरल्यासारखा बोलतो. गिळता येत नाही, टाकता येत नाही.” त्यांनी तो चेहरा करून दाखवला, आणि मला क्षणभर तो नटच समोर दिसला.

“आणि इथे बघ.” त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. चौथा भाग, धक्क्यावरचा प्रसंग. “इथे तो तिची भाषा बोलला. एकच शब्द. बरोबर?”

“नाही,” मी म्हणाले. त्या भागाची मला खात्री होती. तो प्रसंग मी किती वेळा ऐकला होता! तो तिची माफी मागतो. त्याआधी दोघं बराच वेळ गप्प उभी असतात, मागे दोरखंड करकरतात. माझ्या शीटमधली ती सगळ्यात लाडकी शांतता होती.

“बोलतो,” काकू शांतपणे म्हणाल्या. “हा माणूस आधीही माफी मागतो. दुसऱ्या भागात बायकोची, मग साहेबाची. तेव्हा त्याचं तोंड गोल होतं. इथे वरचे दात खालच्या ओठावर आले. शब्दच वेगळा आहे तो.”

मी वाद घातला नाही. म्हातारं माणूस, घरी बोलावलं, पोळी खाऊ घातली. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. “तू पुण्याची ना? पण तुझा ‘व’ बदललाय. ‘वेळ’ म्हणतेस तेव्हा दात ओठाला लावतेस, इंग्लिशसारखे. किती वर्षं झाली इथे?” मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “लागतंच,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

ट्रेनमध्ये बसल्यावर मी आधी फोनच्या काचेत बघून ‘वेळ, वाट, वारा’ म्हणून पाहिलं. समोरच्या माणसाने जागा बदलली. मग हेडफोन लावून चौथा भाग काढला.

डॅनिशमध्ये माफी मागताना म्हणतात ते साधारण ‘ऑनस्कुल’ असं ऐकू येतं. स्वीडिशमध्ये ‘फर्लोत’. धक्क्यावर दोरखंड करकरले. ती लांबलचक शांतता आली, माझी लाडकी. मग त्याने हळूच, जवळजवळ पुटपुटत म्हटलं, फर्लोत.

मी मागे नेलं. पुन्हा ऐकलं. फर्लोत. दुसरा भाग काढला, बायकोची माफी. ऑनस्कुल. साहेबाची माफी. ऑनस्कुल. पुन्हा धक्का. फर्लोत. सबटायटलमध्ये तिन्ही ठिकाणी एकच इंग्लिश शब्द, सॉरी. आणि माझ्या शीटमध्ये त्या शब्दाच्या आधीचा सेकंद न् सेकंद मोजलेला.

आख्ख्या मालिकेत तो माणूस एकदाच आपली भाषा सोडतो, तिची माफी तिच्या भाषेत मागायला. लिहिणाऱ्याने किंवा त्या नटाने ते किती जपून तिथे ठेवलं असेल! तीन वर्षं माझ्या कानांना ते सापडलं नाही, आणि ज्या बाईने चोवीस वर्षांच्या वयानंतर कसलाही आवाज ऐकलेला नाही, तिने ते सोफ्यावर बसून वेचलं. खिडकीबाहेर सिडनीच्या उंच इमारती चालल्या होत्या, आणि मला वाटत होतं की कोणालातरी हे सांगायलाच हवं, या डब्यातल्या कोणालाही.

सोमवारी मी बाईंच्या खोलीत गेले आणि काही न सांगता तो प्रसंग लावला. त्यांनी बघितला. मी विचारलं, तो काय म्हणाला?

“सॉरी म्हणाला.”

“कुठल्या भाषेत?”

बाईंनी पुन्हा बघितला. मग स्वतःच्या हाताने मागे नेऊन तिसऱ्यांदा. खुर्चीत मागे रेलल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मी सेकंद मोजत नव्हते.

“या प्रसंगावर मी आख्खं पान लिहिलेलं आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “छापलेलं आहे. आणि मला ते ऐकू आलं नाही. माझ्या कानाला दोन्ही शब्द घरचेच. अर्थ पोचला आणि मी पुढे गेले.” मग विचारलं, “कोणी दाखवलं तुला?”

मी काकूंबद्दल सांगितलं. बटाटेवड्याचंही सांगितलं. तेव्हा बाई एकदम हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. “बटाटा म्हणाल्या त्या? खरंच? अगं, स्वीडन आणि नॉर्वेचे लोक आम्हाला पिढ्यान् पिढ्या हेच चिडवतात. डॅनिश माणूस तोंडात गरम बटाटा घेऊन बोलतो म्हणून. पण ते ऐकून म्हणतात!” डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मला भेटायचंय त्यांना.”

दीडेक महिन्याने बाईंचं सिडनीत व्याख्यान होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही दोघी वेस्टमीडला गेलो. या वेळी मुलगा आणि सूनही घरी होते. मुलगा इंजिनियर, जरा अवघडलेला. प्रोफेसर घरी येणार म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू मात्र त्याच हुडीत होत्या.

बाईंनी लॅपटॉपवर छोटे छोटे तुकडे आणले होते, काकूंनी न पाहिलेल्या मालिकांतले. आवाज बंद. सबटायटल्सच्या जागी मी कागदाची पट्टी चिकटवली. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन असे सगळे मिसळलेले, आणि मधेच एक फिनिश. काकूंनी पडदे सरकवले, चष्मा हुडीला पुसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

“वडा,” त्या म्हणाल्या. बाईंनी कागदावर खूण केली. “शिट्टी. शिट्टी. वडा. हा... थांब, परत दाखव. हा यातला कुठलाच नाही. याची जीभ दुसऱ्याच घरात राहते.” तो फिनिश होता. फिनिशचं या बाकीच्या भाषांशी काहीच नातं नाही, हे काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. नात आता सोफ्याच्या पाठीवर चढून बघत होती.

नॉर्वेजियनला मात्र काकू फसल्या. दोन्ही वेळा त्यांनी शिट्टी सांगितलं. खरं काय ते कळल्यावर त्या नाराज झाल्या. “मग ते शेजारी असणार. पोस्टात असं व्हायचं. देवरूख आणि देवगडचे खण शेजारी शेजारी.” मी भाषांतर केलं आणि बाई म्हणाल्या की नॉर्वेच्या लोकांना हे आवडणार नाही, पण शेजारी आहेत खरे.

बाकी सगळं बरोबर होतं. एकूण एक.

मुलगा त्या कागदावरच्या खुणांकडे बघत उभा होता. मग आईसमोर खाली बसला, तिच्या नजरेच्या उंचीवर. “आई, तुला हे सगळं दिसतं हे कधी बोलली नाहीस तू.”

“विचारलं कोणी?” काकू म्हणाल्या. रागाने नाही. एखादी वस्तू कुठल्या खणात आहे ते सांगावं तसं.

त्यानंतर जे झालं त्याची तयारी आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांग, आता मी बोलते. आवाज न करता. बघा म्हणावं.”

मी सांगितलं. बाई काकूंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि ओठ हलवू लागल्या. आवाज अजिबात नव्हता. खिडकीतून उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. मला डॅनिश ऐकून ओळखता येते, पण हे नुसतं बघताना काहीच पत्ता लागेना. मिनिटभर, कदाचित जास्तच, त्या बोलल्या. त्यांचे हात, एरवी कायम मांडीवर स्थिर असणारे, हलायला लागले होते.

काकूंनी पापणीही हलवली नाही. बाई थांबल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “ही वड्याची भाषा आहे, पण सिरियलमधली नाही. तोंड जास्त उघडतंय, शब्दांची टोकं सोडून देतायत या. माझी आई बाहेर शाळेतली मराठी बोलायची. मावशी मालवणहून आली की दोघी चुलीपाशी बसून मालवणी बोलायच्या, तेव्हा आईचं तोंड असं व्हायचं. सैल. मी लहान होते, ऐकू यायचं तेव्हा मला, तरी मी बघतच बसायचे.” मग त्यांनी बाईंकडे बोट केलं. “या कोणाशी बोलत होत्या? माझ्याशी नव्हत्या बोलत.”

मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

मग बाईंनी सांगितलं ते मला आधी कधीच माहीत नव्हतं. त्या डेन्मार्कच्या एका लहान बेटावरच्या. तिथली बोली वेगळी, राजधानीत गेल्यावर वर्गातल्या मुली हसल्या म्हणून त्यांनी ती सोडली. फक्त आईशी बोलताना ती यायची, फोनवर, दर रविवारी. आई गेल्यावर ती बोली बोलायला कोणी राहिलं नाही. “मी तिला इथलं सांगत होते,” त्या म्हणाल्या. “की इथे ऊन आहे, आणि मी एका घरी आलेय.”

मी ते मराठीत सांगितलं आणि काकूंनी माझ्या ओठांवरून वाचलं. उठल्या, बाईंच्या गालावरून हात फिरवला, जसा आपल्याकडे सासरहून आलेल्या मुलीच्या फिरवतात तसा, आणि आत चहा टाकायला गेल्या. बाई तशाच बसून राहिल्या. सुनेने टिश्यूचा डबा पुढे केला, आणि पहिला टिश्यू स्वतःच घेतला.

या सगळ्याला आता वर्ष होऊन गेलं. माझा शांततेचा प्रबंध मोडला आणि नव्याने उभा राहतोय. मोडताना त्रास झाला, तीन वर्षांची शीट होती ती. पण जिथे मी ‘कोणी बोलत नाही’ असं लिहिलं होतं, तिथे काकूंबरोबर बसून पुन्हा बघितलं तर निम्म्या ठिकाणी कोणीतरी बोलायला तोंड उघडून मिटलेलं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेला आणि परत गेलेला. कधीकधी कुठला शब्द तेही काकू सांगतात. बरोबर की चूक ते तपासायला काही साधन नाही. बाई म्हणतात, तसंच लिही, की तपासता येत नाही.

युनीच्या नियमाप्रमाणे प्रबंधात काकूंचं नाव येणार नाही, नुसता एक क्रमांक येईल. मी त्यांना घाबरत घाबरत ते समजावलं. त्या म्हणाल्या, “चालेल की. पिनकोडने पत्र पोचतं.”

बाई या जूनमध्ये, बऱ्याच वर्षांनी, आपल्या बेटावर जाऊन आल्या. ती बोली बोलणारी थोडी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून, परवानगी घेऊन, बाईंनी फोनवर व्हिडिओ केले. कोणी कॉफी पितंय, कोणी मटार सोलतंय. त्यांनी ते मला पाठवले आणि लिहिलं, ‘वेस्टमीडला दे. सबटायटल्स मुद्दाम घातलेली नाहीत.’

गेल्या आठवड्यात मी काकूंकडे गेले होते. व्हिडिओ चालू होता. मटार सोलणारी एक नव्वदीची बाई कॅमेऱ्याकडे न बघता काहीतरी सांगत होती. काकूंच्या मांडीवर नवी वही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नात, आणि चक्क मुलगाही, जेवणाचं ताट हातात धरून. एकही अक्षर खाली येत नव्हतं. आम्ही तिघं पडद्याकडे कमी आणि काकूंच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होतो.

“आजी, ती काय म्हणतेय?” नातीने विचारलं. मराठीत.

“शब्द नाही कळत गं मला,” काकू म्हणाल्या, डोळे न हलवता. “पण ती जे सांगतेय ते तिने पूर्वी पुष्कळदा सांगितलंय. आणि आता हसणारे बघ.”

आम्ही वाट बघितली. म्हातारीने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले, आणि हसली.